पंखाही बरा झाला

मुलुंडला स्टेशनच्या पश्चिमेकडे, एका लग्नाच्या हॉलमागे पहिल्या मजल्यावर एक गाळा आहे. त्या रविवारी सकाळी तो माणसांनी ठासून भरला होता. चपलांचा ढीग जिन्याच्या पायऱ्या उतरून पार रस्त्यापर्यंत आला होता. खुर्च्या संपल्या म्हणून उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते, आणि एवढ्या गर्दीत गलका म्हणून नव्हता. असणार कुठून? अर्ध्या लोकांचे घसे बसलेले. कुणाच्या घशात गाठ, कुणाच्या फोड, कुणी शाळेत पोरांवर ओरडून ओरडून आवाज घालवलेला. उरलेले अर्धे म्हणजे त्यांचे नवरे, बायका, मुलं. सगळ्यांचे डोळे समोर उभ्या असलेल्या देवेश सरांवर खिळले होते.

देवेश सरांना बुवा म्हणायची सोय नव्हती, कारण बुवाचं एकही लक्षण त्यांच्या अंगावर नव्हतं. दाढी नाही, भगवं नाही, अंगारा नाही, धुपारा नाही. इस्त्रीचा आकाशी शर्ट, खिशाला पेन, समोर लॅपटॉप. भिंतीवर देवाधर्माचं चित्र नाही; त्या जागी लाटांचे रंगीत आलेख.

"मी देव मानत नाही," सर म्हणाले. दर रविवारी त्यांची गाडी इथूनच सुटायची. "मंत्र मानत नाही, तंत्र मानत नाही. मी मानतो फक्त फ्रिक्वेन्सी! प्रत्येक माणसाची एक फ्रिक्वेन्सी असते, प्रत्येक रोगाची एक असते. डॉक्टर काय करतात? कापतात. मी काय करतो? रेकॉर्ड करतो! रोगाची फ्रिक्वेन्सी माइकात उतरली की घशात राहीलच कशी? एक वस्तू एका वेळी दोन ठिकाणी राहते का? सांगा मला!"

राहत नाही, अशा माना हलल्या.

"आता तुम्ही म्हणाल, सर, मग नवा, भारी माइक का नाही घेत? अहो, नवे माइक शहाणे झालेत. ते निवडून घेतात. आवाज घेतात, बाकीचं सोडून देतात. हा बघा." स्टँडवरच्या एका जुनाट, रंग उडालेल्या माइककडे त्यांनी बोट केलं. "जुना, स्वस्तातला. भोळा आहे बिचारा! जे येईल ते पोटात घेतो. म्हणून हे काम त्याचंच."

सरांच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. त्यात असेच जुने माइक ओळीने आडवे निजवलेले, प्रत्येकाच्या गळ्यात पेशंटच्या नावाची चिठ्ठी. हे 'भरलेले' माइक. त्यांना हात लावायचा नाही. लावला तर आतला रोग हातातून वर चढतो, असं सर बजावून सांगत. झाडू मारणारी बाईसुद्धा त्या कपाटाला वळसा घालून झाडत असे.

मग सरांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. "ऐका. भीमराजजी, घाटकोपर. हा पहिल्या दिवसाचा आवाज."

दोन्ही स्पीकरमधून आवाज आला. आवाज कसला, आवाजाचं चिपाड. लांबचा, पोकळ, फाटका, आणि त्याच्यावर सतत एक सूं सूं अशी सळसळ.

"ही सळसळ ऐकलीत? हाच तो रोग," सर म्हणाले. "आणि आता हा गेल्या आठवड्याचा."

दुसरा आवाज आला आणि गाळाभर हुंकार उठला. तीच ओळ, तोच माणूस. पण आवाज भरदार, जवळचा, खर्जात घुमणारा. सळसळ गायब. पुढच्या रांगेतल्या, घशात गाठ असलेल्या मालनबाई पदराने डोळे पुसू लागल्या. त्यांच्या मागे भीमराज स्वतःचाच आवाज मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको चंपा दोन्ही हात जोडून बसली होती. आयुष्यात कुठल्या बुवापुढे हात न जोडलेली ही बाई. त्यांची मुलगी दर्शना मागे भिंतीशी उभी होती. खरं सांगायचं तर काटा तिच्याही अंगावर आला.

भीमराज हा घाटकोपरचा नावाजलेला गायक. दिवसा कुरिअरची नोकरी, आणि बाकी सगळा जन्म गायन पार्टीला वाहिलेला. जयंतीच्या दिवसांत त्याला श्वास घ्यायला उसंत नसे. गोवंडीपासून कल्याणपर्यंत बोलावणी असत. त्यातही नवस-सायास, अंगारे-धुपारे आणि बुवाबाजीची खिल्ली उडवणारी त्याची स्वतःची गाणी म्हणजे पार्टीचा हुकमी एक्का. लोक हसून हसून लोळत. चंपाने ती गाणी इतक्यांदा ऐकली होती की भाजी चिरताना तीही तोंडातल्या तोंडात म्हणे.

त्या उन्हाळ्यात भीमराजचा आवाज बसला तो उठेना. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, सुंठ झाली. शेवटी तपासणी झाली, घशातला तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टर पद्मजांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय, एकाच स्वरतंतूवर आहे. आत्ता रेडिएशन घेतलं तर आवाज बहुतेक राहील, थोडा बदलेल इतकंच. थांबलात तर मात्र पुढे स्वरयंत्रच काढावं लागेल."

भीमराजच्या कानात शेवटचं वाक्य तेवढं शिरलं. त्यात कुणीतरी सांगितलं की रेडिएशनने आवाज जळून जातो. मग तो रात्रंदिवस घशावर हात ठेवून बसू लागला. अशा वेळी पार्टीतला ढोलकीवाला केतन मुलुंडचा पत्ता घेऊन आला.

"दादा, बुवाबिवा काय नाय यार," केतन म्हणाला. "लॅपटॉप आहे, माइक आहे, ग्राफ काढून दाखवतात. पूर्ण सायन्स आहे. एकदा जाऊन तर बघ ना."

समोर जटा वाढवलेला कुणी असता तर भीमराज जिन्यावरूनच माघारी फिरला असता, वर त्याच्यावर एक गाणं रचलं असतं. आपण फसणारच नाही अशी खात्री असलेल्या घराला फसवायला एवढंच पुरलं: भगव्याच्या जागी आकाशी शर्ट. रेडिएशन पुढे ढकललं गेलं. श्रावण गेला, दसरा गेला. डॉक्टर पद्मजांच्या दवाखान्यातून फोन आला की चंपा "गावाला गेलेत" म्हणून सांगायची.

आणि घरात तर भीमराजचा आवाज दिवसेंदिवस खालीच चालला होता. चपाती चहात भिजवल्याशिवाय त्याला गिळवत नव्हती. चंपाला हाक मारायची तर तो ताटावर चमचा वाजवायचा.

"आई, हे बरं होणं आहे का गं?" दर्शना एकदा न राहवून म्हणाली. "उलट वाढलंय."

"सर म्हणाले ना, निघताना रोग ओरबाडतोच," चंपा म्हणाली. "रेकॉर्डिंग ऐकलंस ना तू? मग? कानांनी ऐकलेलं खोटं असतं का?"

संध्याकाळी भीमराज खिडकीत बसून सरांनी पेशंटांच्या ग्रुपवर पाठवलेलं स्वतःचं रेकॉर्डिंग कानाला लावायचा. एकदा तिने पाहिलं, त्या भरदार आवाजाबरोबर त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि तोंडातून खरखरीत कुजबुजीपलीकडे काही येत नव्हतं. ती तशीच मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

दर्शनाचं स्वतःचं कामही आवाजाचंच. अंध मुलांसाठी ती शाळेचे धडे वाचून ध्वनिमुद्रित करायची. तिचा स्टुडिओ म्हणजे भिंतीतलं एक कपाट. फळ्या काढून टाकलेल्या, आतून आईने शिवलेल्या गोधड्या ठोकलेल्या, की आवाज आदळून परत येऊ नये. कपाटापुढे बसायचं, तोंड आत घालायचं आणि वाचायचं. दिवाळीच्या सुमारास तिच्या माइकने मान टाकली. नवा घ्यायची ऐपत नव्हती. घरातला सगळा पैसा मुलुंडला सरांच्या फीमध्ये चालला होता. म्हणून ती कुर्ल्याला जुन्या सामानाच्या दुकानात गेली. सोबत स्वतःचे हेडफोन आणि माइक फोनला जोडायची छोटी डबी घेतली होती.

"ताई, एक नंबर पीस आहे. डोळे झाकून घेऊन जा," दुकानदार म्हणाला.

"वाजवून बघते आधी," दर्शना म्हणाली.

जुना, स्वस्तातला माइक घरच्या कामाला चालेल का, हे ठरवायची तिची पद्धत साधी होती. आधी काही बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं. गप्प बसलेला माइक स्वतः किती बडबडतो ते बघायचं. पहिला मुळात मुका निघाला. दुसऱ्यात तेलात जिरं तडतडावं तशी तडतड होती. मुंबईची दमट हवा आत शिरलेली, हा काही सुधारायचा नाही. तिसरा घुंघुं करायचा आणि धातूला बोट लावलं की थांबायचा, म्हणजे आत कुठेतरी वायर सुटलेली. चौथ्यात बारीक सळसळ होती, पण ती सगळ्याच स्वस्त माइकांत थोडीफार असते. तोंड जवळ ठेवून वाचलं तर आवाजाखाली झाकली जाईल एवढीच. वरचा रंग उडालेला, जाळीला पोचा. तिने तो घेतला.

"तुम्ही फारच बघून घेता," दुकानदार माइक गुंडाळताना म्हणाला. "मुलुंडचे एक सर येतात, ते तर पोत्यात भरून नेतात. मेलेले, फुटलेले, सगळे. चेकपण नाय करत."

दर्शनाचे कान टवकारले गेले. "मेलेल्या माइकचं करतात काय?"

"काय म्हाइत! कपाटात लावतात म्हणे शोला. चालू मात्र एक लागतो त्यांना. हा तुम्ही घेतला ना, सेम असला."

घरी आल्यावर दुपारी तिने माइक कपाटापुढे लावला. चंपा आणि भीमराज आत पडले होते. घरातला पंखा चालू राहिला होता. तिने एक वीत अंतर ठेवून धड्यातलं एक वाक्य वाचलं आणि हेडफोनमध्ये ऐकलं. वाट लागली! आवाज लांबचा, पोकळ, विहिरीतून आल्यासारखा. ऐकू यावा म्हणून बटण फिरवून आवाज वाढवला, तर सूं सूं सळसळ आणि पंख्याची घरघर दुप्पट झाली. फसवलं मेल्याने, असं मनात म्हणत तिने माइक उलटसुलट करून पाहिला. तेव्हा जाळीच्या खाली, एका बाजूला, घासून पुसट झालेली एक बारीक खूण तिच्या नखाला लागली.

ती माइकच्या पाठीशी बोलत होती.

स्टेजवरच्या माइकला ही भानगड नसते. तो हातात धरायचा, टोक तोंडापुढे आणायचं आणि गायचं. भीमराजच्या घरात जन्मभर तसलेच माइक पाहिलेले. हा मात्र उभा राहतो, ह्याच्यात बाजूने बोलायचं, आणि ह्याला एकच तोंड असतं. पाठीकडून आलेला आवाज हा जेमतेम घेतो. तिचा आधीचा माइक असलाच होता, पण त्याच्या तोंडावर कंपनीचं नाव ठसठशीत होतं, म्हणून चूक व्हायचा प्रश्नच आला नव्हता. इथे खूणच पुसलेली. तिने माइक फिरवला, तेवढ्याच अंतरावरून तेच वाक्य वाचलं. आवाज स्वच्छ, समोर बसल्यासारखा. बटण खाली आणलं, सळसळ गेली. मग ती चार बोटांवर सरकली आणि पुन्हा वाचलं. आता आवाजाला खर्ज चढला, असा की आपण इतक्या भारदस्त आहोत हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तिन्ही वाक्यं तिने लागोपाठ ऐकली. पहिली बाई आजारी, दुसरी बरी झालेली, तिसरी तर टुणटुणीत. आणि तिन्ही वेळा घसा एकच.

तिने फोन काढला, ग्रुपवरची पप्पांची दोन्ही रेकॉर्डिंगं हेडफोन लावून ऐकली. आवाज नाही ऐकला. आवाजाच्या मागचं ऐकलं. सरांच्या गाळ्यात मागच्या भिंतीवर एक पंखा होता, फिरताना कुईं-टक् करणारा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तो पप्पांच्या आवाजाच्या वरताण वाजत होता. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये कान देऊन ऐकला तरच सापडत होता. ते दुसरं रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी ती स्वतः त्याच पंख्याखाली उभी होती. तो तस्साच कुईं-टक् करत होता.

भीमराज उठून चहाला बसला तेव्हा तिने सगळं सांगितलं. चंपा मध्येच उसळली. "गप्प बस गं! चांगलं चाललंय ते बघवत नाही तुला?"

"आई, पप्पांचा घसा बरा झाला, मान्य. मग पंखा कसा बरा झाला? त्याला कुठला कॅन्सर झाला होता?"

चंपाने नवऱ्याकडे पाहिलं.

भीमराजने हेडफोन बाजूला सारले. फाटक्या, खरखरीत आवाजात तो म्हणाला, "तुला माझा आवाज गेलेला पाहिजे का दर्शू?"

"पप्पा!"

"मला कळत नाही असं वाटतं तुला? मला पाणी गिळवत नाही. रात्री थुंकीत रक्त येतं, ते तुझ्या आईला पण नाही सांगितलं मी." चंपाने कपाळावर हात मारला. तो थांबला, धाप लागली होती. "पण ते सर ते रेकॉर्डिंग वाजवतात ना, ती दोन मिनिटं मी मरत नसतो. तेवढ्यासाठी जातो मी."

दर्शनाने आपल्या तीन वाक्यांचं रेकॉर्डिंग त्याच्यापुढे ठेवलं. "ह्यातली कुठली मी आजारी आहे ते सांगा. नुसतं एवढं सांगा."

त्याने तिन्ही ऐकली. पुन्हा ऐकली. मग स्वतःची दोन ऐकली, डोळे मिटून, पंखा शोधत. गाणाऱ्या माणसाचा कान. एकदा दाखवल्यावर तो स्वतःशी तरी खोटं बोलेना. त्याने हेडफोन काढले, माइक हातात घेतला आणि त्याचं तोंड कुठे, पाठ कुठे, ते बोटांनी चाचपत राहिला. चंपा त्याच्या पायाशी बसून मुसमुसत होती.

पुढच्या रविवारी सरांनी मोठा घाट घातला होता. भीमराज सगळ्यांसमोर बसणार, गाणार आणि माइक 'भरून' कपाटात जाणार. गाळा मागच्यापेक्षा जास्त भरला होता. केतन पुढेच होता. दर्शना आणि चंपा भीमराजच्या मागे उभ्या राहिल्या.

"या भीमराजजी, बसा," सर म्हणाले. "अगदी जवळ बसा. लाजू नका."

भीमराज स्टुलावर बसला. स्टुलाला हात घालून त्याने ते वीतभर मागे ओढलं, आणि मग माइकला धरून तो गर्रकन फिरवला.

"अहो, हात लावू नका!" सर ओरडले. "भरत आलाय तो! रोग बाहेर येईल सगळा!"

"माझाच आहे ना सर?" भीमराज म्हणाला. "येऊ दे मग घरी."

एक-दोघं हसले. भीमराजने केतनला लॅपटॉपवरचं आवाजाचं बटण वर न्यायला सांगितलं आणि एक ओळ म्हटली. स्पीकरमधून पहिल्या दिवसाचा आवाज आला. तोच फाटका, पोकळ आवाज, तीच सूं सूं, तोच कुईं-टक् पंखा. गाळ्यात भीतीची लहर गेली. मालनबाई "अगं आई" म्हणून उभ्याच राहिल्या.

सरांनी संधी सोडली नाही. "पाहिलंत? पाहिलंत ना? माइक फिरवला आणि रोग उलटा घशात गेला! हाच पुरावा आहे! म्हणून मी सांगतो, हात लावायचा नाही!"

क्षणभर लोकांना ते पटलंही. कुणीतरी भीमराजवर खेकसलं, "काय केलंस रे हे!" पण भीमराज तोवर स्टुलावरून उठला होता. त्याने तिला पुढे बसवलं.

"ही माझी मुलगी," तो म्हणाला. "धडधाकट आहे. बोल गं."

दर्शना तशीच, माइकच्या पाठीशी बोलली. तिचा आवाज आजारी निघाला. माइक फिरवून बोलली; बरा झाला. जवळ सरकून बोलली. बाईचा आवाज खर्जात घुमला. "आता केतनदादा, तू," ती म्हणाली. केतन बसला. तोही एका मिनिटात आजारी पडला आणि बरा झाला.

"ह्या माइकला एकच तोंड आहे," दर्शना लोकांकडे वळून म्हणाली. "त्याच्यावरची खूण खरवडून काढलीय, बोट लावून बघा. पहिल्या दिवशी सर तुम्हाला पाठीकडे बसवतात आणि बटण वाढवतात. म्हणून आवाज लांबचा येतो आणि सळसळ येते. पुढे थोडा थोडा फिरवतात, तुम्हाला जवळ घेतात, बटण कमी करतात. शेवटी तोंडाला चिकटवतात, मग नुसतं पुटपुटलं तरी खर्ज येतो. घसा तोच असतो. आणि मागचा पंखा ऐका! रोग तुमच्या घशातून गेला असेल, तर पंख्याची कुरकुर कुठे गेली? सरांनी पंख्याला कधी स्टुलावर बसवलं होतं?"

आता मात्र माणसं हसली. हसता हसता काहींचे चेहरे कसेसेच झाले. सर "अहो, ही मुलगी अर्धवट शिकलेली, फ्रिक्वेन्सीचं नॉर्मलायझेशन वेगळं असतं" असं काहीबाही बोलत राहिले. तोवर चंपा सरळ कपाटाकडे गेली. तिने काच सरकवली आणि एक भरलेला माइक उघड्या हाताने बाहेर काढला. नाव मालनबाईंचं होतं. तिने तो हलवला. आत सुटलेला तुकडा खुळखुळला. हा तर कुर्ल्याच्या पोत्यातला मेलेला माइक; कपाटात जायचे ते असले, चालू तो एकच.

सरांना अचानक ठाण्याला जायचं आठवलं. लॅपटॉप काखोटीला मारून ते चपला न घालताच जिना उतरले. पोलिसात तक्रार झाली, गाळ्याला कुलूप लागलं. पण सगळ्यांनी भीमराजचे आभार मानले असं कुणी समजू नये. भिंतीशी उभा असलेला एक माणूस जाताना त्याच्यापाशी येऊन म्हणाला, "तुमचं काय गेलं? आमचा एवढा एक आधार होता, तोही घेतलात."

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर पद्मजांपुढे बसले. त्यांनी घसा पाहिला, नवे फोटो काढून पाहिले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता नुसत्या रेडिएशनचं राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. जीव वाचायची आशा अजून चांगली आहे. पण आणखी एक दिवससुद्धा घालवू नका."

"आधी आलो असतो तर?" भीमराजने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

डॉक्टर पद्मजा रागावल्या नाहीत. "तर आवाज वाचवता आला असता," त्या म्हणाल्या.

चंपा तिथेच कोसळली. जे जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, तेच त्या खटाटोपाने घालवलं होतं. भीमराजने तिला सावरलं आणि विचारलं, "बोलता कुठवर येईल?"

"ऑपरेशनच्या सकाळपर्यंत. पण जपून."

घरी आल्यावर दर्शनाने गोधड्यांचं कपाट उघडलं. त्याची निदान चार गाणी तरी, जशी जमतील तशी, नीट समोरून घेऊन ठेवू, असं ती म्हणाली. भीमराजने मान हलवली.

"गाणी आहेत लोकांच्या फोनमध्ये. ग्रुप उघड तो. मुलुंडचा."

आणि उरलेला आवाज त्याने एकेकाला फोन करण्यात घालवला. खुर्चीत पुढे वाकून, घसा धरून, मध्ये मध्ये पाण्याचा घोट ठसकत गिळून. कुणी ऐकलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी त्याचा आवाज ओळखून फोनच घेतला नाही. मालनबाईंनी घेतला, पण त्या हटून बसल्या होत्या.

"दादा, तुमचं नसेल झालं, पण माझा आवाज सुधारलाय ओ. माझ्या कानांनी ऐकलाय."

"रेकॉर्डिंगवर सुधारला की घरात, मालनबाई?" भीमराजने विचारलं. "नातवाला हाक मारता, ती त्याला ऐकू जाते का? भाताचा घास सुखाने उतरतो का?"

पलीकडून हुंदका आला. "मग खरं कुठलं ते आमच्यासारख्याने ओळखायचं कसं ओ?"

"विचारायचं," भीमराज म्हणाला. त्याचा आवाज आता नुसता वारा झाला होता, दर्शनाला फोन त्याच्या ओठांशी धरावा लागत होता. "शर्ट बघायचा नाही, लॅपटॉप बघायचा नाही. हे कसं होतं, असं विचारायचं. आमच्या सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवा म्हणायचं. डॉक्टरीणबाईंना मी नको नको ते विचारलं, त्यांनी एकेक समजावून सांगितलं. सरांना मी एकदाही काही विचारलं नाही, मालनबाई. बुवांवर गाणी म्हणणारा मी. मला बरं वाटत होतं म्हणून विचारलं नाही. तेवढ्यात माझा आवाज गेला. तुमचा अजून गेला नसेल. उद्या सकाळी हॉस्पिटलात जा. जाल ना?"

"जाते," मालनबाई म्हणाल्या. "सुनेला घेऊन जाते. उद्याच."

भीमराजने डोळे मिटून घेतले. मग त्याने दर्शनाला पुढचा नंबर लावायची खूण केली.